बसलेल्या बायका

केळव्याहून माहीमकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या लागतात. पोफळी, नारळ, केळी, मधूनच पानवेलीचे मांडव. चैत्रातल्या दुपारी या वाड्यांत जो उजेड उतरतो, तो सरळ जमिनीला टेकत नाही. झावळ्यांतून गाळून येतो, केळीच्या पानावर हिरवा होतो, पाटाच्या पाण्यावर तुकड्यातुकड्यांनी हलत राहतो. तिथली सावली काळी नसते. ती निळसर असते, कुठे जांभळट, ओल्या मातीवर थोडी तांबूस. सावलीला रंग असतो हे शिकवताना आम्ही चित्रकलेचे शिक्षक एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांची नावं घेतो. वाडीत वाढलेल्या मुलांना ते आधीपासून डोळ्यांनी ठाऊक असतं.

मी बोईसरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मोने, रेनुआर, बर्थ मोरिझो, मेरी कसाट यांची चित्रं दरवर्षी मुलांना दाखवते. त्यातली निम्मी तरी बागेतल्या बायकांची असतात. छत्री घेतलेल्या, वाचणाऱ्या, विणणाऱ्या, नुसत्याच बसलेल्या. उजेड पाहून मुलं म्हणतात, हे तर आपल्याकडचंच आहे. उजेड आपल्याकडचा आहे खरा. पण त्या उजेडात अशी बसलेली बाई आमच्या भागात मला फार क्वचित दिसली आहे.

वाडीत बाई असते ती वाकलेली. सुपारी वेचताना, आळ्यातलं गवत काढताना, पाण्याची वाट एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवताना. उत्तरेला डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्या आहेत. तिथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाडावरचा चिकू टोकाला जाळी बांधलेल्या लांब बांबूने उतरवतात. खाली पाट्या भरणं, धुणं, लहान-मोठा निवडणं हे काम बहुतेक बायकांकडे. त्यांतल्या कितीतरी जणी जंगलपट्टीतून बंदरपट्टीत आलेल्या असतात, कधी रोजच्या जीपगाडीने, कधी हंगामभरासाठी पोरंबाळं घेऊन. दुपारी भाकरी खायला त्या झाडाखाली बसतात तेव्हा क्षणभर चित्र जुळल्यासारखं वाटतं. पण बसण्याची तऱ्हा वेगळी असते. पाय मुडपलेले, पाटी हाताशी, नजर वाटेकडे. हाक आली की एका झटक्यात उठता येईल असं ते बसणं.

हा फरक लक्षात आल्यापासून मी त्या फ्रेंच बागांकडे जरा जास्त वेळ पाहू लागले. पाहिलं की एकेका बाईची हकीकत वाचायची, असं करत गेले. त्यातून जे हाती आलं ते मला अनपेक्षित होतं.

क्लोद मोनेच्या ‘बागेतल्या स्त्रिया’पासून सुरुवात करते. १८६६ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या व्हिल-दाव्रे गावी, राहत्या घराच्या बागेत मोनेने हे चित्र मांडलं. उंची अडीच मीटरच्या वर. एवढा कॅनव्हास उघड्यावर रंगवायचा तर वरच्या भागापर्यंत हात पोचत नाही, आणि शिडीवर चढावं तर नजरेचा कोन बदलतो. म्हणून त्याने बागेत चर खणला आणि कप्पी लावून कॅनव्हास त्या चरात खाली-वर करण्याची सोय केली. चित्रात चार बायका आहेत. एक जमिनीवर बसलेली, पांढऱ्या झग्याचा घेर गवतावर पसरलेला, त्यावर झाडाची निळी सावली. डावीकडच्या तिन्ही आकृतींसाठी कामीय दोंसिए ही एकच मुलगी त्याच्यासमोर होती. तेव्हा ती १९ वर्षांची होती. एक झगा घालून बसायचं, मग दुसरा घालून उभं राहायचं, उजेड सरकला की थांबायचं, उद्या पुन्हा त्याच वेळेला तीच मान, तोच हात. ज्यांनी कुणी कधी चित्रकारासाठी तासभर बसून पाहिलं आहे त्यांना विचारा, पाठीचा कणा काय बोलतो ते. १८६७ च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनाने, हे चित्र नाकारलं. त्याच वर्षी कामीयला मुलगा झाला आणि घरात पैसा नव्हता. फ्रेदरिक बाझीय या चित्रकार मित्राने ते चित्र अडीच हजार फ्रँकला घेतलं, महिन्याला ५० फ्रँकच्या हप्त्याने. कामीय १८७९ मध्ये गेली, ३२ व्या वर्षी. फुरसतीचं एवढं मोठं चित्र, आणि त्यातल्या तिन्ही फुरसती एका मुलीने उन्हात उभं राहून पुऱ्या केलेल्या.

मेरी कसाटने १८८० मध्ये मार्ली गावच्या बागेत आपली बहीण लिडिया हिला विणकाम करताना रंगवलं. निळा कोट, डोक्याला पांढरी टोपी, मागे फुलांचा लाल-तांबडा पट्टा. पाहणाऱ्याला ती निवांत वाटते. लिडियाला मूत्रपिंडाचा जुना आजार होता आणि दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, त्यातच तिचा अंत झाला. हे कळल्यावर चित्रातला तिचा फिका चेहरा आणि हातातल्या सुईवर टाचलेली नजर वेगळी दिसू लागते. तिला बागेत बसवलं होतं ते तिच्या अंगात उभं राहण्याचं बळ उरलं नव्हतं म्हणूनही असेल. आमच्याकडेही बाईला दिवसाढवळ्या अंथरुणावर पडायची बिनबोभाट परवानगी मिळते ती तापात किंवा बाळंतपणात.

बर्थ मोरिझोकडे मात्र थांबावंच लागतं. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला या मंडळींचं पहिलं प्रदर्शन भरलं त्यात ती एकटी बाई होती. एकूण आठ प्रदर्शनांपैकी सात ठिकाणी तिची चित्रं लागली. एक चुकलं ते १८७९ चं, मुलगी ज्युलीचा जन्म झाल्यानंतरचं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना १८९७ पर्यंत प्रवेशच नव्हता. पुरुष चित्रकार संध्याकाळी कॅफेत जमत, स्टेशनात, नाचघरात, रस्त्यावर इझल लावून उभे राहत. तिच्या थरातल्या बाईला हे मोकळं नव्हतं. म्हणून तिच्या चित्रांत बागा आहेत. बाग म्हणजे घरातून बाहेर पडून आणि तरी घराच्या कुंपणाच्या आतच राहून तिला मिळालेला प्रकाश. तिची फुलं पाहताना हे कुंपण मी विसरत नाही.

बर्थला एदमा नावाची बहीण होती. दोघी बरोबरीने चित्रकला शिकल्या, कोरोसारख्या मोठ्या चित्रकाराचं मार्गदर्शन दोघींना मिळालं, दोघींची चित्रं सलोंमध्ये लागली. १८६९ मध्ये एदमाचं नौदलातल्या अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिने रंग ठेवून दिले. बर्थ तिला रंगवत राहिली. १८७३ च्या ‘वाचन’ या चित्रात एदमा हिरवळीवर बसून पुस्तक वाचते आहे. पांढरा पोशाख, मागे मोकळं हिरवं माळरान, बाजूला पंखा आणि हिरवी छत्री. हे चित्र त्या पहिल्या प्रदर्शनात होतं. गवतावर इतक्या शांतपणे बसलेली ती बाई काही वर्षांपूर्वी स्वतः कुंचला धरणारी होती. तिच्याजवळ निवांतपणा आहे, कारण तिचं काम तिच्यापासून सुटलं आहे.

माझ्याबरोबर शिकलेल्या मुलींपैकी कितीतरी जणींचं असंच झालं. त्या काही दुःखी नाहीत. संसार नीट चालले आहेत, रांगोळी काढतात, मुलांचे प्रकल्प रंगवून देतात. कुणाकुणाच्या माळ्यावर इझल आहे. एदमाचं चित्र पाहिलं की मला त्यांच्या हातांची आठवण येते. हात चांगले होते.

मोरिझोचं आणखी एक चित्र आहे, १८८० चं. आंजेल नावाची दाई बागेत बसून ज्युलीला पाजते आहे. कुंचला इतका मोकळा फिरला आहे की बाई, बाळ आणि गवत यांच्या कडा एकमेकांत विरघळल्या आहेत. दुरून ते माय-लेकराचं चित्र वाटावं. लिंडा नॉकलिन या अमेरिकन कला-इतिहासकार बाईंनी १९८८ मध्ये या चित्रावर लेख लिहिला आणि सगळ्यांच्या समोर असूनही न दिसलेली गोष्ट दाखवून दिली. ती दाई कामावर आहे. ती पगार घेऊन चित्रकर्तीच्या मुलीला स्वतःचं दूध पाजते आहे, आणि त्या दुधामुळे चित्रकर्तीला चित्र काढायला वेळ मिळाला आहे. कॅनव्हासच्या अलीकडे एक बाई कामात, पलीकडे दुसरी कामात, आणि पाहणाऱ्याला वाटतं दुपार निवांत चालली आहे. आंजेलचं स्वतःचं बाळ त्या वेळी कुठे होतं, कोण त्याला पाजत होतं, हे चित्रात येत नाही. वाडीत पाट्या भरणाऱ्या आयांची बाळं साडीच्या झोळीत झाडाला टांगलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

१८९५ मध्ये मोरिझो वारली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर तिला व्यवसाय नसल्याची नोंद झाली. शेकडो चित्रं मागे ठेवून गेलेली बाई. आमच्या शाळेच्या प्रवेशअर्जात आईच्या व्यवसायाचा रकाना असतो. पहाटे पाचला उठून दोन घरचं करून वाडीवर किंवा औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाणाऱ्या आयांच्या अर्जातही वडील तिथे ‘गृहिणी’ लिहून मोकळे होतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा. पुरुषांपैकी ते काम करणारेच मुळात चारात एक. हे आकडे मला त्या बागांच्या चित्रांशेजारी टांगून ठेवावेसे वाटतात.

मराठी घरांनी मात्र बागेतली बाई फार हौसेने भिंतीवर लावली होती, हेही सांगितलं पाहिजे. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. दलालांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून, कॅलेंडरांवरून एक बाई तीस-चाळीस वर्षं घराघरात आली. वेलीखाली उभी, ओंजळीत फुलं, केसांत गजरा, नजर कुठेतरी लांब. तिच्या हातांना कधी काम नव्हतं. आमच्या ओळखीच्या एका आजींच्या स्वयंपाकघरात चुलीच्या धुराने पिवळं पडलेलं असं एक पान मी पाहिलं आहे. आज समीक्षक त्या चित्रांना गोडगोजिरी म्हणतात. दलालांची रेषा आणि रंगावरची पकड पाहता तो शब्द मला अपुरा वाटतो. शिवाय ज्या बायकांनी ते पान स्वयंपाकघरात डकवलं त्यांना त्यात काहीतरी दिसत होतं. दिवाळी अंक दुपारी वाचायची गोष्ट होती. जेवणं उरकल्यावर, भांडी घासायला घेण्याआधी, जमिनीवर पाठ टेकवून. मुखपृष्ठावरची बाई त्या अर्ध्या तासाची होती.

पण पालघर जिल्ह्यात चित्राची गोष्ट बोलायची तर वारली घराच्या भिंतीपाशी जावं लागतं, आणि तिथे सगळा विचार उलटा होऊन समोर येतो.

वारल्यांकडे लग्नाआधी कुडाच्या भिंतीवर शेण-गेरू सारवून तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधल्या चौकटीत पालघट देवी. हा चौक लिहायचा सवाशिणींनी. धवलेरी गाणी म्हणते, लग्न लावते, तीही बाईच. बांबूची काडी चावून केलेला कुंचला, पांढरा एकच रंग, आणि माणूस म्हणजे टोकाशी टोक जुळवलेले दोन त्रिकोण. या चित्रांत बायका शेकडो आहेत. भात लावतात, कांडतात, पाणी आणतात, लाकूडफाटा वाहतात. आणि नाचतात. तारपा वाजवणाऱ्याभोवती हातात हात गुंफून वळत गेलेली माणसांची ती लांबच लांब ओळ, भात घरात आल्यानंतरची. एकटी, कुणापासून सुटून, झाडाखाली काही न करता बसलेली बाई मला चौकात सापडली नाही. आधी मला ही उणीव वाटायची. आता तसं वाटत नाही. या चित्रांत मोकळीक आहे, पण ती सगळ्यांची मिळून एकाच वेळी येते. तिला हंगाम आहे. मोनेच्या बागेत एकीची फुरसत दुसऱ्या कुणाच्या कष्टावर उभी असते. तारप्याच्या फेऱ्यात ज्यांनी भात कापलं तीच माणसं नाचत असतात.

हे फार सुंदर वाटून तिथेच थांबण्याचा मोह होतो, म्हणून पुढचंही सांगते. त्याच लग्नासाठी वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज काढायचा आणि ते फेडण्यासाठी लग्नगडी होऊन त्याच्याकडे राबायचा. त्याची बायकोही त्यात ओढली जायची. आधी मालकाच्या शेतावर फुकट वेठ, मग उरलेल्या वेळात स्वतःचं शेत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी याविरुद्ध उठाव केला. गोदावरीबाईंनी ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १९७० साली ते आलं. सवाशिणींनी ज्या लग्नाचा चौक एवढ्या निगुतीने लिहिला, त्याच लग्नाने त्या जोडप्याचे दिवस गहाण पडायचे. वेळ कुणाचा, हा प्रश्न या मातीत लाठ्या-गोळ्या खाऊन विचारलेला आहे. चित्रातल्या फुरसतीबद्दल इथे बोलताना तो बाजूला ठेवता येत नाही.

मग कागद आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणू भागात आले. त्याआधी दुष्काळाच्या काळात ते बिहारमध्ये मधुबनीला गेले होते आणि तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला होता. इथेही त्यांनी तो आधी बायकांपुढेच धरला. मधुबनीत कागद बायकांच्या हातात राहिला. इथे बायका संकोचल्या, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो घेतला. जिव्यांचं पुढचं सगळं जगाला माहीत आहे. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, मग परदेश, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. लहानपणी आई गेल्यावर बोलणं सोडलेला हा मुलगा धुळीत चित्रं काढायचा असं सांगतात. माशांच्या जाळ्याची त्यांची चित्रं पाहिली की त्यांच्या थोरवीबद्दल शंका उरत नाही.

पण बायका का संकोचल्या? लाजाळूपणा म्हणून हा प्रश्न संपवतात, ते मला पटत नाही. चौक लिहिणाऱ्या बाईला लाज नव्हती. सगळ्या पाड्यासमोर ती लिहायची. मला वाटतं, भिंतीवरच्या चौकाला लग्नाचं कारण होतं. त्या दिवशी चित्र काढणं हेच तिचं काम होतं, आणि पाणी-सरपण दुसरं कुणी बघायचं. कागदाला असं काही कारण नव्हतं. कोणतंही लग्न नसताना, सण नसताना, एका साध्या मंगळवारी दुपारी बसून चित्र काढायचं तर त्यासाठी कुणीतरी आपला वेळ सोडवून द्यावा लागतो. जिव्यांनी विधीबाहेर, रोज, मनाला येईल तेव्हा चित्र काढायला सुरुवात केली. तसं रोज बसणं त्या काळच्या वारली बाईला कोण देणार होतं? आज त्या भागात कागदावर चित्रं काढणाऱ्या बायका आहेत, पण जगाच्या तोंडी असलेली वारली चित्रकारांची नावं अजून बहुतांशी पुरुषांचीच आहेत. शेकडो वर्षांची बायकांची कला एका पिढीत अशी सरकली, याला माझ्या मते मुख्य कारण वेळ हेच आहे. बर्थ मोरिझोला आंजेल होती. पाड्यावरच्या सवाशिणीला कुणी नव्हतं.

बोईसरमध्ये राहून हे सगळं लिहिते आहे, तेव्हा गावाबद्दलही दोन शब्द, मोनेच्या आणि माझ्या. मोने १८७१ ते १८७८ आर्जांतयला राहिला. आर्जांतय पॅरिसहून रेल्वेने पाव तासाच्या अंतरावर, नदीकाठी, निम्मं विहाराचं आणि निम्मं कारखान्यांचं गाव होतं. त्याच्या नदीच्या चित्रांत धुराडी दिसतात. पुढे पुढे तो बागेच्या आतली चित्रं जास्त काढू लागला. फुलझाडांची भिंत अशी उभी करायचा की पलीकडचं गाव दिसू नये. शेवटी गाव सोडून गेला. बोईसरला १९६९ मध्ये शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढली, २०१३ पासून डहाणू लोकल आली. रसायनांचा वास अंगवळणी पडला आहे. काही निवासी वसाहतींच्या बागांत झाडं जुनी, दाट आहेत, आणि त्यांच्या सावलीत संध्याकाळी बायका फिरतात, बाकांवर बसतात. ज्यांनी सकाळी ती बाग झाडली त्या बायका मात्र संध्याकाळी तिथे नसतात. त्यांनी कुठे बसावं? बाजाराच्या बाजूला, चाळींच्या रांगांमध्ये, कारखान्यांच्या फाटकाबाहेर बाईला चार क्षण नुसतं बसता येईल अशी जागा शोधायला लागा म्हणजे कळेल. पाळी सुटल्यावर पॅकिंगच्या मुली रिक्षा भरेपर्यंत उभ्याच असतात. केळव्याच्या सुरूच्या बनात रविवारी मुंबईची माणसं चटया टाकून पहुडतात. त्यांच्यामधून ताडगोळे विकत फिरणाऱ्या बाईचं बसणं म्हणजे टोपली उतरवण्यापुरतं.

म्हणून या फ्रेंच चित्रांवर मी रागावू शकत नाही. त्यांच्यातल्या फुरसतीची किंमत कुणी भरली हे कळल्यावर त्यांना खोटी ठरवणं सोपं आहे, आणि काही विद्वान तसं करतातही. पण बाईला दुपारी, उजेडात, आजार नसताना, कुणाचीही परवानगी न घेता बसता यावं ही इच्छा खोटी नाही. ती कामीयची होती, लिडियाची होती, धुराने पिवळं पडलेलं कॅलेंडर जपणाऱ्या त्या आजींची होती. चित्रकाराने एका बसलेल्या बाईकडे दिवसेंदिवस लक्ष देऊन पाहावं, तिच्या झग्यावरच्या सावलीचा नेमका निळा शोधण्यासाठी धडपडावं, यात मला मोठा आदर दिसतो. आमच्या जिल्ह्यातल्या बाईकडे राबणारी म्हणून पाहिलं गेलं, लढणारी म्हणून पाहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. तिच्या विसाव्याकडे कुणी एवढा वेळ पाहिलेलं नाही. ती चित्रं काढायची राहिली आहेत.

रेखाकला परीक्षेच्या तयारीसाठी मुलांना स्मरणचित्राला बागेचा विषय देतात. घसरगुंडी, फुगेवाला, झारी घेतलेला माळी, बाकावर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा; हे दरवर्षी ठरलेलं. बाई येते ती मुलाचा हात धरून किंवा भेळेचा डबा उघडून. मी मुलांना विचारलं की आजोबांच्या शेजारी आजी का बसवत नाही, तर वर्ग गप्प झाला, आणि मग एक मुलगी म्हणाली, “बाई, आजी घरी असते ना. संध्याकाळचं दिवाबत्तीचं कोण बघणार?” चित्रकलेच्या वर्गात मला मिळालेलं हे फार खरं उत्तर होतं. मुलं पाहिलेलंच काढतात.

तेव्हा आधी त्यांना पाहायला मिळालं पाहिजे. सध्या शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर काही मुलांच्या आया मागच्या चिकूच्या झाडाखाली येऊन बसतात आणि मुलं त्यांना जलरंगात रंगवतात. सुरुवातीला आया ताठ बसायच्या, पदर नीट करत राहायच्या, फोटोसाठी बसल्यासारख्या. मुलांनाही अवघडल्यासारखं व्हायचं. आईचा चेहरा इतका वेळ सलग आपण कधी पाहिलेलाच नाही, असं एका आठवीतल्या मुलाने सांगितलं. त्याने त्याच्या आईच्या हिरव्या साडीवर पानांच्या सावलीसाठी जांभळा रंग वापरला, आणि तो मी सांगितलेला नव्हता. रात्रपाळी करून आलेल्या एक आई मुलीचं चित्र होईस्तोवर खोडाला टेकून झोपून गेल्या. मुलीने त्यांना उठवलं नाही, तशाच रंगवल्या. चित्रात हात मोठे झाले आहेत आणि पायांची लांबी चुकली आहे, पण मान खांद्यावर कलंडली आहे ती अगदी बरोबर.

गेल्या आठवड्यात एक आई आडून विचारत होत्या, “मॅडम, नुसतं बसून बरं नाही वाटत. भिजवलेले वाल घेऊन येऊ का सोलायला? मुलाच्या चित्राला चालेल ना?” मी त्यांना लिडियाचं चित्र दाखवलं, मांडीवर विणकाम घेतलेलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “हिला बरं नाही का?” चेहरा पाहून त्यांनी ओळखलं होतं. मी हो म्हटलं. वाल आणायचे की नाही हे मी त्यांच्यावर सोडलं आहे. सोलताना त्या छान दिसतील यात शंका नाही, आणि मुलाला बोटांचा अभ्यासही होईल. पण मला मनापासून वाटतं की त्यांनी वाल घरी ठेवून यावं.